ज्याचे फोटो त्यालाच

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्या समारंभाचे एक हजार आठशे बारा फोटो पाहुण्यांना पोचवायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं, हे सुरुवातीलाच कबूल करतो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. घरात ‘हे कोण करणार’ असा प्रश्न निघाला की मी सहसा वर्तमानपत्रात डोकं घालतो. त्या दिवशी वर्तमानपत्र शेजाऱ्यांकडे गेलं होतं, एवढंच.

तसं पाहिलं तर काम काहीच नव्हतं. फोटोग्राफरनं सगळे फोटो बोटभर पेनड्राइव्हमध्ये घालून दिले होते. ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले की झालं, असं कुणीही म्हणेल. ज्याला आमचे नातेवाईक ठाऊक नाहीत असा कुणीही. दोन वर्षांपूर्वी एका वाढदिवसाचे फोटो ग्रुपवर पडले, त्यात चुलतसासरे भाषण ऐकताना जांभई देत होते. भाषण त्यांच्या सख्ख्या भावाचं होतं. पुढचे सात महिने दोघांनी एकमेकांशी फक्त बायकांच्या मार्फत व्यवहार केला.

पण खरं कारण जांभईचं नव्हतं, ताईंचं होतं. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. त्या घरांचे नकाशे काढतात, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात सरळ रेघ ओढू शकणाऱ्या त्या एकट्याच. गेलं वर्षभर त्यांचे औषधोपचार चालले होते. आता रिपोर्ट चांगले आले होते, पण उपचारात डोक्यावरचे केस सगळे गेले होते. समारंभाला येईन, पण माझा फोटो कुठंही लावायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही, या अटीवर त्या आल्या, डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधून. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, माझे जे काही असतील ते मला एकटीला द्या. बाकी कुणाच्या हातात नकोत.”

मी म्हणालो, काळजी करू नका. हे वाक्य मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर गेली एकवीस वर्षं म्हणत आलो आहे. त्यावर आजवर कुणी विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. ताईंनी ठेवला.

तेव्हा ठरलं असं की ज्याचे फोटो त्यालाच. प्रत्येक पाहुण्याचं वेगळं फोल्डर, प्रत्येक फोल्डरची वेगळी लिंक, ती फक्त त्या त्या माणसाच्या फोनवर. यासाठी एक ऑनलाइन सेवा असते. फोटो चढवले की ती चेहरे ओळखून ज्याचे त्याला वेगळे काढते. मी खातं उघडलं. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर भरलं. जन्मसालासाठी एक चाक फिरवायचं होतं. ते मी फिरवलं, थांबलं तिथं थांबू दिलं आणि पुढं गेलो. या चाकाबद्दल पुढं बोलावं लागणार आहे.

चेहरे ओळखणारी ती यंत्रणा मन लावून काम करत होती, पण तिची समज बेताची होती. टक्कल असलेले पाच गृहस्थ तिनं एकच मानले आणि त्या एका गृहस्थाचे एकशे तीस फोटो काढून दिले. सासूबाई आणि त्यांच्या मागची कुंडी यांत साम्य आहे का, असं मला दोनदा विचारलं. मग तिनं दोन फोटो शेजारी ठेवले. एकात निळा रुमाल बांधलेल्या ताई होत्या. दुसऱ्यात रुमाल नव्हता. सभागृहाच्या मागच्या खोलीत उकाड्यानं त्यांनी तो काढला असावा. सासरे शेजारी बसून काहीतरी सांगत होते, त्यांचा हात ताईंच्या उघड्या डोक्यावर होता आणि ताई डोळे मिटून हसत होत्या. फोटोग्राफरनं दाराबाहेरून टिपलं होतं. खाली प्रश्न होता, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का? मी ‘एकच’ हे बटण दाबलं आणि थोडा वेळ कॉम्प्युटरपासून उठून खिडकीशी उभा राहिलो.

याच सुमाराला आमचे शेजारी टपालकाका आले. उभी हयात टपाल वर्गीकरणात गेली, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी आमच्या सोसायटीत कुणाला पाकीट आलं की आधी ते वजन करून बघतात. फोल्डरवर मी पाहुण्यांची नावं घातलेली पाहून त्यांचा चेहरा पडला. नावं उघड्यावर ठेवणं म्हणजे पाकिटाला डिंक न लावणं, असं त्यांचं मत पडलं. फोल्डरला आकडे द्यावेत आणि कोणता आकडा कुणाचा हे फक्त एका वहीत असावं. वही कुलपात. मला हे पटलं. निवृत्त माणूस समजावून सांगायला बसला की मला सगळंच पटतं, कारण न पटल्यास तो पुन्हा सांगतो.

वही काकांनीच लिहिली. त्यांचं अक्षर वेगवान होतं. इतकं वेगवान की त्यात एक आणि नऊ हे सख्खे भाऊ वाटत. मला ते त्या वेळी दिसलं, पण ज्या माणसानं चौतीस वर्षं गावोगावची पत्रं लावली त्याच्या आकड्याला नावं ठेवणारा मी कोण, म्हणून गप्प बसलो.

रविवारी दुपारी मी शहाण्णव लिंका पाठवायला बसलो. वहीत बघायचं, आकडा शोधायचा, पाठवायचं, टिक करायची. आत्यांच्या नावापुढं एकवीस होता. एकवीस पाठवला. बऱ्याच वेळानं ताईंचं नाव आलं, त्यांच्यापुढंही एकवीसच दिसत होता. एकवीस तर मघाशी गेला. तेव्हा हा एकोणतीस असणार, असा मी विचार केला आणि एकोणतीस पाठवला. हा विचार करताना मला स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं, हेही सांगून टाकतो.

संध्याकाळी सगळं संपवून मी चहा मागितला. चहा येईपर्यंत खातं बंद पडलं होतं.

एका दिवसात शहाण्णव लिंका गेल्यामुळं त्या सेवेला संशय आला. तिनं माझी माहिती तपासली आणि तिला आढळलं की मी अकरा वर्षांचा आहे. चाक तिथं थांबलं होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत सूचना आली, तीत मला ‘तू’ म्हटलं होतं. तुझ्या वयाच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय हे खातं वापरता येणार नाही. पाठवलेल्या लिंका चालू राहतील, पण तुला काही बघता किंवा बदलता येणार नाही. घरातल्या एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाला बोलव.

मी मदत केंद्राला लिहिलं की माझं वय चोपन्न आहे. उत्तर आलं, तुमची तक्रार नोंदवली आहे. हे वाक्य समोरच्या बाजूनं वाचताना कसं वाटतं ते मला प्रथमच कळलं. सोमवारी मी माझ्या कार्यालयीन ओळखपत्राचा फोटो पाठवला. मंगळवारी उत्तर आलं की मोठ्यांची ओळखपत्रं त्यांना न विचारता वापरणं चांगलं नाही. ओळखपत्रावरच्या फोटोत मला मिशा आहेत. त्याचा त्यांच्यावर परिणाम झाला नव्हता.

तोवर पाहुण्यांचे निरोप सुरू झाले होते. कुणाला आपले फक्त तीनच फोटो आल्याचं दुःख होतं, आणि व्याह्यांचे किती आले हे जाणून घ्यायचं होतं. एका टक्कलवाल्या गृहस्थांनी कळवलं की फोटो उत्तम आहेत, त्यांतले बरेचसे आपले नाहीत, पण ठेवून घेतो. आत्यांकडून आणि ताईंकडून मात्र काहीच नाही. ताईंचा स्वभाव मोजकं बोलण्याचा, त्यामुळं त्याचं काही वाटलं नाही. आत्या गप्प आहेत हे खरं म्हणजे तेव्हाच खटकायला हवं होतं.

आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांना सगळे मागून दवंडीआत्या म्हणतात. गोतावळ्यात कुणाची बदली, कुणाची बढती, कुणाच्या पोटात दुखतंय, हे त्या माणसाला कळायच्या आधी आत्यांकडून इतरांना कळतं. मनात वाईट काही नसतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, इतकंच.

शेवटी बुधवारी बायको म्हणाली की पालक पाहिजे तर पालक आहेत की घरात. खरंच होते. माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे, आमच्याकडेच राहते. तिनं एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली. तिला सगळं समजावून सांगितल्यावर तिनं एकच विचारलं, “म्हणजे तुझी जबाबदारी माझ्यावर?” मी हो म्हणालो. ती खुर्ची ओढून पुढं बसली. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

संमतीपत्र एकोणीस पानी होतं. ते कुणी वाचत नाही, खाली बटण असतं ते दाबायचं असतं, असं मी तिला सांगितलं. न वाचता सही केली असती तर तिसऱ्या महिन्यात नोकरी गेली असती, असं ती म्हणाली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. सहाव्या पानावर तिला दोन चुका सापडल्या. त्या तिनं पाठकोऱ्या कागदावर टिपून ठेवल्या, पुढंमागं कंपनीला कळवता येतील म्हणून. मी शेजारी उभा होतो. बसू का, असं विचारावंसं वाटत होतं.

अकराव्या पानावर प्रश्न होता, तुमचा पाल्य या खात्याचा कशासाठी उपयोग करतो याची तुम्ही खातरजमा केली आहे का? आई म्हणाली, केलेली नाही. वही आण. मी कुलूप काढून वही आणली. तिनं चष्मा वर करून पानं उलटली आणि बोट ठेवलं.

“हा कोण लिहितो आकडे असे? हा एकवीस आहे का एकोणतीस?”

मी सांगितलं, एकवीस, आत्यांचा.

“याची शेपूट बघ. नऊ आहे. एकवीस हा, खालचा, ताईपुढचा.”

मी वही उजेडाला धरली. आईचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे आणि माझं नाही. शेपूट होती. बारीक, पण होती.

ज्यांनी माझा फोटो कुणाच्या हातात नको म्हणून बजावलं, त्या ताईंचे फोटो मी दवंडीआत्यांच्या हातात दिले होते, आणि तेही रविवारी. आज बुधवार. तीन दिवसांत आत्यांनी तीन गावं जागवली असती. बायकोला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली की ताई त्या दिवशी यायलाच तयार नव्हती, मी गळ घातली होती.

आईनं उरलेली आठ पानंही वाचलीच. मी हात जोडले तरी वाचली. मग बटण दाबलं आणि खातं उघडलं. मी घाईघाईनं एकवीस नंबर काढला. लिंक बंद केली. खाली बारीक अक्षरांत नोंद होती, हे फोल्डर अकरा वेळा पाहिलं गेलं आहे.

मी तसाच चपला घालून आत्यांकडे निघालो. त्यांचं घर आमच्यापासून तीन गल्ल्यांवर, दुसऱ्या मजल्यावर. वाटेत मनातल्या मनात बोलणं तयार केलं, ते जिना चढताना विसरलो.

दार त्यांच्या सुनेनं उघडलं. बरं झालं आलात, असं म्हणून ती मला आत घेऊन गेली आणि हळू आवाजात सांगू लागली. रविवार संध्याकाळपासून सासूबाई एक शब्द बोललेल्या नाहीत. फोन आला तर घेत नाहीत. शेजारीण येऊन बसली तर मान हलवतात. काल डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी घसा पाहिला, रक्तदाब पाहिला, म्हणाले सगळं ठीक आहे, बोलायला हरकत नाही. तरी बोलत नाहीत. घरातली दोन्ही माणसं धास्तावली होती. सुनेच्या तेवीस वर्षांच्या संसारात त्या घरात इतकी शांतता कुणी अनुभवली नव्हती.

आत्या आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी सुनेला खुणेनंच चहा करायला पाठवलं, उठून दार लावलं, कडी लागली का ते बघितलं आणि मग बोलल्या. आवाज जरा गंजला होता.

“जावईबापू, ते फोटो तुम्ही मला का पाठवलेत?”

मी शेपटीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलल्या नाहीत, याची मला सवय नसल्यानं मी एकच गोष्ट तीनदा सांगितली.

मग त्या म्हणाल्या, “पहिलाच फोटो उघडला आणि कळलं, हे माझ्यासाठी नाहीत. तेव्हाच मिटायला हवं होतं. नाही मिटलं. पुन्हा पुन्हा बघितले. आणि मला माझा स्वभाव माहीत आहे. तोंड उघडलं की पहिलं तेच बाहेर पडणार. म्हणून उघडलंच नाही.”

“कुणाशीच बोलला नाहीत?”

“घरात सुनेला मीठ द्यायला सांगितलं नाही. अळणी जेवले तीन दिवस.”

मी खुर्चीत बसलो. इतक्या वेळात मला पहिल्यांदा पंख्याचा वारा लागला.

त्यानंतर आत्या सव्वा तास बोलल्या. त्यांनी मला विचारून घेतलं, तुम्ही तर ते फोटो पाहिलेतच, मग तुमच्याशी बोलायला हरकत नाही ना, आणि मी नाही म्हणताच बांध फुटला. सगळं त्या एका फोटोबद्दल. ताई जन्मल्या तेव्हाही डोक्यावर एक केस नव्हता, दीड वर्षं नव्हता. वहिनी काळजी करायची, आणि दादा कामावरून आला की हातपाय धुऊन पोरीच्या डोक्यावरून असाच हात फिरवत बसायचा, म्हणायचा, येतील गं. हे सगळं आत्यांनी तेव्हा पाहिलं होतं, आणि आज तो फोटो पाहून त्यांना रडू आलं होतं, आणि ते सांगायला तीन दिवस कुणीच नव्हतं. चहा आला, प्यायलो, पुन्हा आला. बाहेर आल्यावर सुनेनं माझे आभार मानले. काय औषध दिलं, असं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, जरा बसलो.

आता ताईंकडे जाणं आलं. घरी जाऊन फोन करावा असंही मनात येऊन गेलं, पण ज्यांनी शब्द घेतला त्यांना तोंडानंच सांगायला हवं. मी पोचलो तेव्हा त्या नकाशाच्या मेजावर वाकल्या होत्या, रुमाल बांधलेला, पट्टी हातात. मला दारात पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. पट्टी खाली ठेवून, मेजाला धरून हसल्या.

मला काही समजेना. त्यांनी फोन पुढं केला. एकोणतीस नंबरचं फोल्डर. आत्यांचे सत्तेचाळीस फोटो. कुणाशी ना कुणाशी बोलतानाचे सत्तेचाळीस फोटो, आणि एकातही तोंड मिटलेलं नाही. एकात त्या फुलदाणीशी बोलत होत्या, निदान तसं दिसत होतं. ताईंना वाटलं होतं, मी मुद्दाम पाठवले, त्यांना हसवायला. रविवारपासून रोज संध्याकाळी काढून बघते, म्हणाल्या. वर्षभरात इतकं हसले नव्हते.

ही फार मोठी संधी होती. हो, मुद्दामच पाठवले, एवढं म्हटलं असतं की संपलं होतं. ओठांवर आलं होतं. पण मग त्यांनी विचारलं, “आणि माझे?”

मी सांगितलं. कुणाकडे गेले ते सांगितलं, अकरा वेळा पाहिले गेले ते सांगितलं. रुमाल नसलेला एक त्यात आहे, तेही सांगितलं. ताईंचं हसू गेलं. त्यांनी मेजावरची पेन्सिल उचलली आणि उगीच तिचं टोक बघत राहिल्या.

“आत्यानं किती जणांना सांगितलं?”

“कुणालाही नाही. मला सोडून.”

हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. त्यांनी तिथंच आत्यांना फोन लावला. मी जायला उठलो तर हातानं बसवलं. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, म्हणजे शब्द कळत नव्हते. ताई आधी ताठ बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “खरंच काही नाही बोललीस?” मग बराच वेळ नुसतं हं, हं. मग म्हणाल्या, “दीड वर्षं? आई कधी बोलली नाही मला.” त्यानंतर आत्याच बोलत होत्या, आणि ताईंनी पाठ भिंतीला टेकून डोळे मिटले होते. मी समोरच्या नकाशातल्या खोल्या मोजत बसलो. घर तीन खोल्यांचं होतं. पाण्याची टाकी चुकीच्या बाजूला वाटली, पण ती वेळ नव्हती.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, “दाखवा.”

मी माझ्या फोनवर तो फोटो काढून दिला. त्यांनी तो मोठा केला, वडिलांचा हात दिसेल इतका, मग पुन्हा लहान केला. किती वेळ ते मी घड्याळात बघितलं नाही.

“हा छापून आणाल का मला? जरा मोठा.”

मी म्हणालो, उद्याच आणतो. फ्रेम करू का?

“फ्रेम नको. भिंतीवर नाही लावायचा. कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं. रोज मी उघडते, मला दिसला म्हणजे झालं.”

किती मोठा ते नीट मोजून देते, असं म्हणत त्या आतून मोजायची टेप घेऊन आल्या. कपाट उघडलं. उभं माप घेताना रुमालाची गाठ दाराच्या हँडलला अडकली. त्यांनी ती सोडवली, मग रुमालच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, हे टोक तिथं धरा, हलवू नका.”

डोक्यावर बारीक, करडी लव आलेली होती. मी टोक धरून उभा राहिलो, आणि अजिबात हललो नाही.